ठिणगीची वेळ साधताना : जुन्या जीपचे टायमिंग

खडकीचे आणि लष्करी वाहनांचे नाते जुने आहे. लष्कराच्या वाहनांची दुरुस्ती करणारे ५१२ आर्मी बेस वर्कशॉप आणि सुट्या भागांचा साठा सांभाळणारा केंद्रीय चिलखती वाहन डेपो, ही दोन्ही ठिकाणे याच छावणीत आहेत. एके काळी लष्कराच्या ताफ्यात पेट्रोलवर धावणाऱ्या जीप मोठ्या संख्येने असत. सेवा संपल्यावर लिलावात निघालेली अशी एखादी जीप विकत घेऊन ती हौसेने जपणारे आजही आहेत. गाडी रंगवणे, हूड बदलणे ही कामे पैसे मोजले की होतात. मात्र ती नीट चालावी यासाठी डिस्ट्रिब्यूटरचे टायमिंग जुळवावे लागते आणि ते जाणणारे हात आता विरळ होत आहेत. आजच्या मोटारीत हे काम संगणक करतो. जुन्या गाडीत ते पाना, फीलर गेज आणि कान यांच्या भरवशावर होते.

ठिणगी आधी का?

पिस्टन वर जाताना पेट्रोल आणि हवेचे मिश्रण दाबले जाते. स्पार्क प्लगची ठिणगी पडल्यावर हे मिश्रण एकदम पेटत नाही. ज्वाळा पसरायला थोडा वेळ लागतो. हा वेळ सेकंदाचा पाचशेवा भाग धरला, तर मिनिटाला ६०० फेरे घेणारे इंजिन तेवढ्यात सुमारे ७ अंश फिरते. तेच इंजिन ३,००० फेऱ्यांवर गेले की तेवढ्याच अवधीत ३६ अंश फिरते. वेग वाढला की मिश्रण अधिक घुसळले जाऊन लवकर जळते, त्यामुळे गरज नेमकी या प्रमाणात वाढत नाही. तरी ठिणगी लवकर पडावी लागते हे खरे. म्हणूनच पिस्टन माथ्यावर पोहोचण्याच्या काही अंश आधी ठिणगी पाडतात. यालाच ‘ॲडव्हान्स’ म्हणतात.

डिस्ट्रिब्यूटरचा दांडा क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो. त्यावरील कॅम कॉन्टॅक्ट पॉइंट उघडतो. पॉइंट उघडताच कॉइलमधील प्रवाह तुटतो, उच्च दाबाची वीज निर्माण होते आणि रोटर ती योग्य सिलिंडरकडे पोहोचवतो. चार सिलिंडरचे इंजिन ३,००० फेऱ्यांवर असताना हे सेकंदाला १०० वेळा घडते. वेगाबरोबर ॲडव्हान्स वाढवण्यासाठी आत स्प्रिंगने बांधलेली दोन वजने असतात. अनेक मोटारींमध्ये त्याच्या जोडीला व्हॅक्यूमवर चालणारा पडदाही असतो. युद्धकाळातील विलीज जीपमध्ये तो नाही.

आधी गॅप, मग टायमिंग

महिंद्राने १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीप जुळवण्यास सुरुवात केली आणि हे इंजिन भारतीय मेकॅनिकच्या परिचयाचे झाले. सुमारे २.२ लिटरच्या या चार सिलिंडर इंजिनाचा फायरिंग क्रम १-३-४-२ असा आहे. पॉइंटची गॅप ०.०२० इंच, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर, आणि टायमिंग माथ्याच्या ५ अंश आधी. अन्य गाडीसाठी तिच्या पुस्तिकेतील आकडेच धरावेत.

नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक क्रमाची असते. ते आधी टायमिंग जुळवतात आणि नंतर पॉइंट साफ करून गॅप बदलतात. गॅप वाढली की पॉइंट लवकर उघडतो आणि टायमिंग पुढे सरकते. गॅप कमी झाली की ते मागे पडते. कॅमवर घासणारा पॉइंटचा ठोकळा झिजतो तशी गॅप आपोआप घटते. त्यामुळे कोणी हात न लावलेली गाडीही काही महिन्यांनी सुस्त होते. यासाठी कॅमच्या उंचवट्यावर ठोकळा आणून फीलर गेजने गॅप प्रथम पक्की करावी, कॅमला ग्रीसचा अगदी पातळ थर लावावा आणि मगच पुढे जावे.

कामाची रीत

इग्निशन बंद ठेवून पहिल्या सिलिंडरचा प्लग काढावा. भोकावर अंगठा ठेवून इंजिन हॅन्डलने सावकाश फिरवावे. हवा अंगठ्याला ढकलू लागली की पिस्टन दाबाच्या टप्प्यात वर येत आहे असे समजावे. आता टायमिंगची खूण जुळवावी. युद्धकाळातील जीपमध्ये ती फ्लायव्हीलवर असून घराच्या झरोक्यातून दिसते. पुष्कळ मोटारींत ती पुढच्या पुलीवर असते. या स्थितीत रोटरचे तोंड कॅपमधील पहिल्या सिलिंडरच्या वायरीकडे हवे. ते विरुद्ध दिशेला असेल तर पिस्टन माथ्यावर असला तरी टप्पा चुकीचा आहे. इंजिन आणखी एक फेरा फिरवावे.

मग १२ व्होल्टच्या (जुन्या लष्करी जीपसाठी ६ व्होल्टच्या) बल्बची एक वायर डिस्ट्रिब्यूटरच्या टर्मिनलला आणि दुसरी इंजिनाच्या धातूला जोडावी. कॉइलची जाड वायर अर्थ करून इग्निशन सुरू करावे. क्लँप सैल करून डिस्ट्रिब्यूटर रोटरच्या दिशेने थोडा वळवावा. पॉइंट मिटून बल्ब विझेल. आता उलट दिशेने अगदी हळू वळवावा. बल्ब पेटेल तो क्षण ठिणगीचा. तेथेच क्लँप कसावा आणि कसताना डिस्ट्रिब्यूटर हलला नाही ना, हे पुन्हा तपासावे. डिस्ट्रिब्यूटर एक अंश सरकला तर क्रँकशाफ्टच्या हिशेबात दोन अंशांचा फरक पडतो.

स्ट्रोब दिवा उपलब्ध असेल तर चालू इंजिनावर खूण पाहता येते. व्हॅक्यूमची नळी असल्यास ती काढून तिचे तोंड बंद करावे. वेग वाढवताच खूण सरकली नाही, तर आतली वजने गंजून अडकली आहेत, असे समजावे. खूण थरथरत असेल तर दांड्याचे बुश झिजले आहे. अशा वेळी टायमिंग कितीही जुळवले तरी ते टिकत नाही.

चुकले तर काय होते?

टायमिंग मागे राहिले तर पिकअप जातो, इंजिन तापते, पेट्रोल जास्त लागते आणि उशिरापर्यंत जळणाऱ्या वायूंमुळे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह भाजतात. टायमिंग जास्त पुढे गेले तर चढावर इंजिनातून धातूवर धातू आपटल्यासारखा किणकिणाट येतो. हे नॉकिंग होय. ते दुर्लक्षिले तर पिस्टनला छिद्र पडू शकते. हॅन्डलने सुरू होणाऱ्या जीपमध्ये तर धोका थेट चालकाला असतो : ठिणगी फार लवकर पडली की हॅन्डल उलटा झटका देते आणि मनगट मोडते. म्हणूनच जुने चालक अंगठा हॅन्डलभोवती न गुंडाळता बोटांच्याच बाजूला ठेवतात.

केवळ कानावर विसंबणे आता पूर्वीइतके सुरक्षित राहिलेले नाही. ही जीप सत्तरच्या आसपास ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी बनली होती. आजचे साधे पेट्रोल किमान ९१ ऑक्टेनचे असते; २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन त्याहून अधिक. कमी दाबाचे हे इंजिन अशा इंधनावर सहसा नॉक करत नाही. त्यामुळे ‘आवाज येईपर्यंत पुढे घ्या’ हा जुना कानमंत्र पाळणारा मेकॅनिक नकळत मर्यादा ओलांडतो.

ज्या गाड्या नॉक करतात, त्यांच्या बाबतीत उंचीही मोजावी लागते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचावर आहे. येथील हवा थोडी विरळ असल्याने सिलिंडर तुलनेने कमी भरतो. पुण्यात नॉकिंगच्या अगदी काठावर जुळवलेली गाडी बोरघाट उतरून मुंबईत गेली की किणकिणू लागते. पुस्तिकेचा आकडा प्रमाण मानावा आणि कात्रजच्या घाटात टॉप गिअरमध्ये चाचणी घेऊन गरज पडल्यास एक-दोन अंश मागे यावे, हा शहाणपणाचा मार्ग होय.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या खासगी गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होऊ शकते. त्यासाठी चासी, बॉडी व इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत, अशी अट आहे. मूळ इंजिन वाचवण्याला त्यामुळे नवे मोल आले आहे. एक फीलर गेज, एक बल्ब आणि तासभर सबुरी, एवढ्या भांडवलावर ते वाचवता येते.