मेस्त्रींची शिकवण आणि चित्रपटसंगीत

हिंदी चित्रपटगीतांचा इतिहास सांगताना गायक, गीतकार व संगीतकार यांची नावे आदराने घेतली जातात. त्या गीतांच्या मागे वाजणाऱ्या वाद्यवृंदातील कित्येकांचे हात मात्र गोव्याच्या धर्मग्रामांत तयार झाले, हे फारसे कोणी सांगत नाही. आपण ख्रिस्ती श्रद्धावंतांनी तरी तो इतिहास जाणून घ्यावा.

पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चला जोडून शाळा चालत. तेथे 'मेस्त्री' मुलांना स्वरलेखन वाचण्यास, व्हायोलिन वाजविण्यास व अनेक आवाजांच्या मेळात स्तोत्रे गाण्यास शिकवीत. रविवारची मिस्सा व संतांचे सण सुस्वर व्हावेत, एवढाच त्यामागील हेतू. यांतील अनेक मुले पुढे पोटासाठी मुंबई, लाहोर, कलकत्ता येथील हॉटेलांत जॅझ वाजवू लागली. चित्रपटांना मोठ्या वाद्यवृंदाची गरज भासली, तेव्हा लिहिलेले संगीत पाहताक्षणी वाजवू शकणारे हे वादक हाताशी होतेच. संगीतकाराने पेटीवर चाल ऐकवावी आणि गोमंतकीय संयोजकाने ती वाद्यावाद्यांत वाटून लिहून काढावी, अशी रीत पडली. शंकर-जयकिशन यांच्यासाठी सेबॅस्टियन डिसोझा यांनी हेच कार्य केले. पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांना 'अलबेला' (१९५१) साठी साथ लाभली ती 'चिक चॉकलेट' या नावाने गाजलेल्या हळदोण्याच्या ट्रंपेटवादकाची.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे चर्चच्या गायनवृंदप्रमुखाचे पुत्र. प्यारेलाल यांना त्यांनी व्हायोलिन शिकविले. १९५८ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्यांनी भारतीय रागांवर आधारलेली सिंफनी सादर केली. लता मंगेशकर व मन्ना डे त्यात गायिले. पुढे 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधील गाण्यामुळे हे नाव घरोघरी पोहोचले; परंतु ते नाव एका खऱ्या गुरूचे आहे, हे किती जणांस ठाऊक होते?

येथे ब्राझीलचे उदाहरण बोलके आहे. तेथील 'बोसा नोव्हा' संगीत स्टॅन गेट्झ व जोआव जिल्बेर्तो यांच्या १९६४ च्या ध्वनिमुद्रिकेने अमेरिकेत लोकप्रिय केले. १९६७ मध्ये फ्रँक सिनात्रा यांनी आंतोनियो कार्लोस जोबिम यांच्यासह एक संपूर्ण ध्वनिमुद्रिका केली. आपल्याकडेही राहुल देव बर्मन यांनी 'पति पत्नी' (१९६६) मध्ये ती लय आशा भोसले यांच्या कंठी दिली. सिनात्रांच्या ध्वनिमुद्रिकेवर जोबिम यांचे नाव त्यांच्या बरोबरीने छापले गेले. आमच्या संयोजकांची व वादकांची नावे मात्र श्रेयनामावलीत क्वचितच झळकली. ऋण घेणे हा दोष नव्हे. ते मान्य न करणे हा अन्याय होय.

आमच्या औशात नाथ संस्थानाचे चक्रीभजन पिढ्यानपिढ्या टिकले आहे, कारण तेथे शिकविणारा आहे, शिकणारा आहे आणि गुरूचे स्मरणही आहे. मराठवाड्यातील आपले धर्मग्राम लहान व साधने अपुरी आहेत, हे खरे. तरीही एक पेटी, एक जाणता शिक्षक व आठवड्यातील दोन संध्याकाळी एवढ्यावर आरंभ करता येईल. मिस्सेसाठी शिकलेला स्वर मुलाला पुढे कोठे नेईल, हे माजोर्ड्याच्या त्या पित्यास तरी कोठे ठाऊक होते? शिकविण्याचे कर्तव्य त्याने पार पाडले. आपणही ते करावे, आणि शिकविणाऱ्याचे नाव मुलांच्या ओठी राहील असे पाहावे.