शक्ती-तुरा आणि साल्सा : स्थलांतरितांच्या संगीताच्या पुनरुज्जीवनाचा प्रश्न

रत्नागिरी शहराच्या दक्षिणेस असलेले पावस हे स्वामी स्वरूपानंदांच्या (१९०३-१९७४) समाधिस्थानामुळे सर्वपरिचित आहे. ज्या जिल्ह्यात हे गाव मोडते, त्याची दुसरी सांस्कृतिक ओळख म्हणजे गौरी-गणपतीच्या दिवसांतील जाखडी. प्रस्तुत लेखात जाखडीतील शक्ती-तुरा सामन्याचा स्थलांतराच्या संदर्भात विचार केला आहे.

जाखडीत शाहीर आणि ढोलकी-झांजेचे साथीदार मध्यभागी असतात व पायात चाळ बांधलेले नर्तक त्यांच्याभोवती फेर धरतात. गण व गवळणीनंतर सवाल-जवाब रंगतात. शक्तीवाले प्रकृतीला, तर तुरेवाले पुरुषतत्त्वाला श्रेष्ठ मानतात. हा वाद कलगी-तुऱ्याच्या परंपरेतून आलेला आहे. तो लढविण्यासाठी पुराणकथांचा व्यासंग आणि शीघ्रकवित्व या दोहोंची आवश्यकता असते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून रत्नागिरी जिल्ह्याने मुंबईच्या कापड गिरण्यांना फार मोठ्या प्रमाणावर कामगार पुरविले. चाकरमान्यांसमवेत ही कलाही मुंबईत गेली. कानात बाळी घालणाऱ्या कोकणी गड्यांवरून तिला 'बाल्या नाच' हे नाव पडले, असे सांगितले जाते. परळच्या दामोदर नाट्यगृहात कोकणी मंडळांचे प्रयोग होत. म्हणजेच ही कला केवळ गावाची राहिली नाही. गाव आणि गिरणगाव या दोहोंनी मिळून ती पोसली.

न्यूयॉर्कमधील साल्सा संगीताचा इतिहास येथे तुलनेसाठी उपयुक्त ठरतो. क्यूबाच्या तालपरंपरेवर आधारलेले हे संगीत तेथील पोर्तो रिकन स्थलांतरितांच्या वस्त्यांत वाढले. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या फानिया या ध्वनिमुद्रण संस्थेने त्याला व्यासपीठ दिले. ट्रॉम्बोनचा कणखर नाद, तालवाद्यांचा जोर आणि गायकाची उत्स्फूर्त भर ही त्याची लक्षणे होत. १९८० च्या दशकात मृदू प्रेमगीतांचा साल्सा लोकप्रिय झाला. पुढे २००० च्या सुमारास स्थापन झालेल्या स्पॅनिश हार्लेम ऑर्केस्ट्रासारख्या वाद्यवृंदांनी जुन्या 'साल्सा दुरा'ला, म्हणजे कणखर साल्साला, पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली.

जाखडीसमोरील प्रश्न मात्र अधिक बिकट आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगाव विस्कळीत झाले; २०२३ मध्ये दामोदर नाट्यगृह पुनर्विकासासाठी बंद झाले. ध्वनिमुद्रिकांच्या आधारे वाद्यवृंदाला जुना नाद पुन्हा घडविता येतो. शक्ती-तुऱ्याला मात्र समोर तुल्यबळ प्रतिपक्ष आणि सवालातील खोच जाणणारा श्रोता लागतो. ठेका आणि पोशाख तेवढा जपून सामना वगळला, तर उरते ते केवळ प्रदर्शन.

म्हणून पुनरुज्जीवनाचा विचार करताना नृत्याच्या चित्रीकरणाइतकेच शाहिरांच्या वह्या, गुरुपरंपरा आणि सवाल-जवाबांचे जतन महत्त्वाचे ठरते. कोकणातील महाविद्यालयांना हे कार्य हाती घेता येईल. कारण या शाहिरांची नातवंडे आज त्यांच्याच वर्गांत बसलेली आहेत.