मळक्या दगडाचा गुण

युरियाची गोणी आपण सारेच ओळखता. पण त्या पांढऱ्या दाण्यांमागे काळ्या लोखंडी खड्यांचा एक इतिहास आहे, तो फारसा कुणी सांगत नाही.

हवेत जवळजवळ 78 टक्के नायट्रोजन असतो. पिकाला हवा तोच. पण त्याचे दोन अणू एकमेकांना असे घट्ट बिलगलेले, की पिकाला त्याचा उपयोग होत नाही. जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी 1909 साली मोठ्या दाबाखाली नायट्रोजन आणि हायड्रोजन एकत्र आणून अमोनिया करून दाखवला. त्यासाठी त्यांनी ऑस्मियम धातू वापरला. असा जो पदार्थ दोघांची गाठ घालून देतो आणि स्वतः मोकळा राहतो, त्याला उत्प्रेरक म्हणतात. लग्न जुळवणारा मध्यस्थच म्हणा ना! मात्र ऑस्मियम इतका दुर्मिळ, की त्यावर कारखाने उभे राहणे अशक्य.

बीएएसएफ कंपनीत आल्विन मिटाश यांनी स्वस्त उत्प्रेरकाचा शोध हाती घेतला. लोखंड स्वस्त खरे, पण शुद्ध लोखंडाने निराशाच केली. त्याच वर्षी नोव्हेंबरात स्वीडनमधल्या येलिव्हारेच्या लोहखनिजाचा एक नमुना घालून पाहिला, आणि अमोनिया चांगला निघू लागला. शुद्ध लोखंड हरले, खाणीतला मळका दगड जिंकला! मिटाश यांनी मर्म ओळखले: गुण त्या मळातच असला पाहिजे. मग शुद्ध लोखंडात एकेक पदार्थ मुद्दाम मिसळून पाहण्याचा सपाटा सुरू झाला. हजारो मिश्रणे, हजारो चाचण्या. गंधक तर उत्प्रेरकाचे विषच ठरले. शिक्षकांनी वर्गात सांगावा तो हा भाग.

अखेर कृती ठरली. लोहखनिज थोड्या अॅल्युमिना आणि पोटॅशसह वितळवायचे, निवल्यावर फोडून खडे करायचे, ते तापवून त्यांवरून हायड्रोजन सोडायचा. खनिजातला ऑक्सिजन पाणी होऊन निघून जातो, त्याच्या जागी बारीक छिद्रे राहतात. एवढ्याशा खड्यात केवढा तरी पृष्ठभाग उघडा पडतो, आणि सारे काम चालते तिथेच. अॅल्युमिना लोखंडाचे कण उष्णतेने एकमेकांना चिकटू देत नाही. पोटॅशमुळे नायट्रोजनची जोडी फुटणे सोपे जाते.

1913 साली ओपाऊचा कारखाना सुरू झाला. वर्षभरात महायुद्ध पेटले, आणि खताचा अमोनिया दारूगोळ्याकडे वळला. खड्यांना काय, दोन्ही सारखेच! त्यांच्या पृष्ठभागावर नेमके काय घडते याचा उलगडा पुढे गेरहार्ड एर्टल यांनी केला, त्यांना 2007 साली नोबेल पारितोषिक मिळाले. तोवर त्या खड्यांच्या बळावर कित्येक हंगाम पिकून गेले होते.