सित्रोएन २सीव्ही

सित्रोएन २सीव्ही ही सित्रोएन या फ्रेंच कंपनीने १९४८ ते १९९० या काळात उत्पादित केलेली छोटी मोटारगाडी आहे. 'द शव्हो' म्हणजे 'दोन घोडे' हे तिचे नाव फ्रान्समधील करआकारणीच्या अश्वशक्तीवरून पडले. इंजिनाच्या प्रत्यक्ष शक्तीशी त्याचा संबंध नाही. जुन्या मोटारींच्या युरोपीय मेळाव्यांत ही गाडी हमखास दिसते.

पार्श्वभूमी

१९३० च्या दशकात फ्रान्सच्या ग्रामीण भागात घोडागाडीचा वापर सर्रास होता. शेतकऱ्याला परवडेल अशी गाडी तयार करण्याचे काम सित्रोएनचे प्रमुख प्येर-झ्यूल बुलांझे यांनी हाती घेतले. दोन शेतकरी व ५० किलो बटाटे ताशी ६० किमी वेगाने वाहून न्यावेत आणि नांगरलेल्या शेतातून जाताना टोपलीतील अंडी फुटू नयेत, अशी त्यांची अपेक्षा होती. अभियंता आंद्रे लफेव्र व शिल्पकार-आरेखक फ्लामिनिओ बेर्तोनी यांनी ती आकारास आणली. १९३९ मध्ये प्राथमिक नमुन्याच्या सुमारे २५० गाड्या सिद्ध झाल्या. त्यांना पुढचा दिवा एकच होता. तेवढ्यात दुसरे महायुद्ध सुरू झाले. तंत्र जर्मनांच्या हाती पडू नये म्हणून बहुतेक नमुने नष्ट करण्यात आले व काही लपवण्यात आले. १९९० च्या दशकाच्या मध्यास ला फेर्ते-व्हिदाम येथील कंपनीच्या चाचणीस्थळी एका कोठाराच्या माळ्यावर त्यांतील तीन सापडले. त्यांना नवा रंग न देता ते सापडले तसेच जपले आहेत, हे उचितच म्हटले पाहिजे.

रचना

१९४८ च्या पॅरिस मोटार प्रदर्शनात गाडी प्रथम जनतेसमोर आली, तेव्हा पत्रकारांनी तिची थट्टा केली. ग्राहकांनी मात्र नोंदणीसाठी गर्दी केली आणि गाडीसाठी कित्येक वर्षे थांबावे लागू लागले. सुरुवातीचे इंजिन ३७५ घन सेंमी क्षमतेचे, दोन सिलिंडरांचे, हवेने थंड होणारे व अवघ्या ९ अश्वशक्तीचे होते. छत कापडी असून ते गुंडाळता येते. आसने सहज बाहेर निघतात व सहलीत गवतावर मांडता येतात. पुढचे व मागचे चाक स्प्रिंगांनी परस्परांशी जोडलेले असल्याने खड्ड्यांचा धक्का सौम्य होतो. वळणावर गाडी भलतीच कलते, तरी सहसा उलटत नाही.

मेळावे

दर दोन वर्षांनी वेगवेगळ्या देशांत या गाडीच्या चाहत्यांचा जागतिक मेळावा भरतो. त्यास अनेक जण शेकडो किलोमीटर स्वतः गाडी चालवत येतात आणि तेथेच तंबूत मुक्काम करतात. किमती मोटारींच्या सौंदर्यस्पर्धांत रंगावरचा ओरखडाही खपत नाही. येथे पोचलेला पत्रा व ठिगळाचे छत यांची कोणास लाज वाटत नाही. पंखे, दारे, बॉनेट हे भाग साध्या अवजारांनी सुटे होत असल्यामुळे मालक स्वतःच दुरुस्ती करतात, आणि गाडी सुटी करून पुन्हा जोडण्याचे प्रात्यक्षिक हा बालगोपाळांचा आवडता कार्यक्रम असतो. जर्मनीत तिला 'बदक' व नेदरलँड्समध्ये 'कुरूप बदक' म्हणतात. ही नावे चाहतेच कौतुकाने मिरवतात.

उत्पादनाची अखेर

२७ जुलै १९९० रोजी पोर्तुगालमधील मांग्वाल्द येथील कारखान्यातून शेवटची गाडी बाहेर पडली. तोवर सुमारे ३८ लाख गाड्या तयार झाल्या होत्या. मालवाहू आवृत्त्या यांत धरलेल्या नाहीत.