काळीचा हिशेब पांढरीच्या पोटांत

बीड जिल्ह्यांतील शेतकऱ्याच्या तोंडीं काळी व पांढरी हे शब्द जोडीनें येतात. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे गांव वसलेली जागा. घरें पडावीं, चुलींतली राख बाहेर टाकली जावी, पडलेल्या भिंतींवर नवें घर उठावें, अशा क्रमानें पांढरीचे थर चढत जातात व कित्येक ठिकाणीं त्यांची टेकाडें बनतात. काळीनें एके काळीं काय पिकविलें याचा हिशेब या टेकाडांच्या पोटांत असतो. तो वाचावा कसा आणि वाचल्यावर राहावा कोणापाशीं, हे दोन्ही प्रश्न सारख्याच महत्त्वाचे आहेत.

मातींत पडलेला दाणा रुजतो किंवा कुजतो. पण चुलीच्या कडेला पडून तो मंद आंचेवर जळला, कीं त्याचा कोळसा होतो. आकार बहुतेक कायम राहतो आणि कोळशाला कीड लागत नाहीं. उत्खननांतील अशी माती पाण्यांत कालवली म्हणजे गाळ तळाशीं बसतो व हलका कोळसा वर तरंगतो. तो बारीक चाळणीनें गाळून घ्यावयाचा, वाळवावयाचा, आणि मग सूक्ष्मदर्शकाखालीं एकेक दाणा ओळखून मोजावयाचा, असें हें चिकाटीचें काम आहे.

महाराष्ट्रांत या कामाचा धडा पुणें जिल्ह्यांतील घोड नदीकांठच्या इनामगांवीं घालून दिला गेला. डेक्कन कॉलेजच्या वतीनें हंसमुख सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांनीं १९६८ ते १९८३ या काळांत तेथें उत्खनन केलें. इसवी सनापूर्वीं सुमारें १६०० ते ७०० या काळांतील ही वसाहत. तेथील धान्यांचा अभ्यास मुकुंद काजळे यांनीं केला. जव हें तेथील मुख्य धान्य. त्याच्या जोडीला गहूं, मसूर, वाटाणा, लाख व कुळीथ. हें सर्व १९८८ सालच्या अहवालांत छापलें गेलें.

इसवी सनापूर्वीं १००० च्या सुमारास या गांवाची कळा पालटली. चौकोनी घरांच्या जागीं लहान गोल झोपड्या आल्या. पाऊसमान घटलें हें त्याचें कारण, असें ढवळीकरांनीं मांडलें. १९७२ चा दुष्काळ सोसलेल्या बीड जिल्ह्याला ही मीमांसा परकी वाटणार नाहीं. याच जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणाऱ्या गोदावरीनें समुद्रांत नेऊन टाकलेल्या गाळाचा अभ्यास २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. सुमारें ४००० ते १७०० वर्षांपूर्वींच्या काळांत या खोऱ्यांत रुक्ष हवेंत तगणाऱ्या वनस्पती टप्प्याटप्प्यानें वाढत गेल्या, असें त्यावरून दिसतें. पण पाऊस कमी झाल्यावर शेतकऱ्यानें काय केलें? पीक बदललें, पाटाचें पाणी घेतलें, कीं गांवच सोडलें? याची साक्ष समुद्राचा गाळ देत नाहीं. ती जळक्या दाण्यांनींच द्यावयाची.

आणि येथेंच खरी अडचण आहे. "या थरांत जव सांपडला" एवढ्या वाक्यानें कांहीं सिद्ध होत नाहीं. एखाद्या घराची कणगी जळाली असेल तर हजार दाणे एकाच ठिकाणीं मिळतील. दुसऱ्या थरांत वीस घरांतून दोन-दोन मिळतील. कोणत्या थरांतून किती माती धुतली, किती ठिकाणची धुतली, कोणता दाणा किती वेळां आढळला, हा तपशील हातीं असल्यावांचून एका गांवाची दुसऱ्या गांवाशीं तुलना होत नाहीं. बीडच्या उत्तरेस पैठणजवळचें आपेगांव व जालना जिल्ह्यांतील भोकरदन, दक्षिणेस धाराशिव जिल्ह्यांतील तेर. या तिन्ही ठिकाणच्या प्राचीन धान्यांचे अभ्यास १९७१ ते १९७९ या काळांत निरनिराळ्या ग्रंथांतून व नियतकालिकांतून प्रसिद्ध झाले. ते एका ओळींत मांडले, तरच मध्य गोदावरीच्या शेतीचा इतिहास उभा राहतो. देशभरच्या अशा विखुरलेल्या माहितीचा आढावा काजळे यांनीं १९९१ सालीं घेतला, ही मोठीच सोय झाली.

दाणा ओळखण्यांतही चूक होऊं शकते. बीडच्या भाकरीची ज्वारी ही मुळांत आफ्रिकेची, नाचणीही तिकडचीच. तीं भारतांत केव्हां आलीं याविषयीं पुष्कळ दावे झाले होते. लंडन विद्यापीठांतील डोरियन फुलर यांनीं २००३ सालीं त्यांची फेरतपासणी केली, तेव्हां नाचणी म्हणून नोंदलेले कित्येक दाणे राळ्यासारख्या देशी तृणधान्यांचे असावे असें त्यांनीं दाखविलें. मूळ वर्णनें व चित्रें छापलीं होतीं, म्हणूनच ही तपासणी शक्य झाली. तीं कपाटांत राहिलीं असतीं, तर चूकच इतिहास म्हणून चालत राहिली असती.

तथापि ही शिस्त अद्याप सर्वत्र रुजलेली नाहीं. इंग्लंडांतील लिसा लॉडविक यांनीं २०१९ सालीं या विषयावरील लेख तपासले, तेव्हां पुष्कळ लेखांत मूळ आंकडेच नव्हते. आणि दुसऱ्याचे आंकडे वापरणारेही त्यांचा उल्लेख नीट करीत नव्हते. या दोन दोषांचें नातें उघड आहे. वर्षानुवर्षें डोळे शिणवून दाणे मोजणाऱ्यास, आपल्या श्रमाचें श्रेय दुसराच घेईल, अशी भीति वाटली तर ती अगदींच अनाठायीं नव्हे. तिच्यावर उपाय मात्र आंकडे झांकणें हा नव्हे. ज्याचे आंकडे त्याचें नांव घेऊन वापरणें, हा आहे.

कारण उत्खनन एकदांच होतें. खणलेला थर पुन्हां रचतां येत नाहीं. शिवाय पांढरीची माती उत्तम खत म्हणून गाड्या भरभरून शेतांत जाते व न वाचलेलीं पानें तिच्याबरोबर नाहींशीं होतात. जीं थोडीं पानें अभ्यासकांच्या हातीं लागलीं, त्यांची नक्कल सर्वांस मोकळी ठेवणें हें औदार्य नव्हे. तें ऋण आहे. ज्या काळीनें तें धान्य पिकविलें, ती आजही पिकते आहे, आणि पावसाची वाट पाहण्याचें तिच्या धन्याचें प्राक्तनही बदललेलें नाहीं. पूर्वजांनीं अवर्षणाशीं कसा सामना दिला हें जाणण्याचा पहिला हक्क त्याचाच आहे.