पिंपांची भिंत

तेलाचे पिंप प्रवासासाठीच जन्माला येते. एका बंदरात चढावे, दुसऱ्या बंदरात उतरावे आणि रिकामे झाले की कोपऱ्यात गंजत पडावे, असा त्याचा जीवनक्रम. त्याला शिल्पाचा मान मिळवून दिला तो ख्रिस्तो या कलावंताने.

ख्रिस्तोचा जन्म १९३५ साली बल्गेरियातील गाब्रोव्हो येथे झाला. साम्यवादी राजवटीतून बाहेर पडण्याची वाट सरळ नव्हती. जानेवारी १९५७ मध्ये प्रागहून मालगाडीच्या वाघिणीत लपून त्याने व्हिएन्ना गाठले. माणसाला सीमा बंद होती, मालाला खुली होती. म्हणून माणूस मालासोबत गेला! १९५८ मध्ये तो पॅरिसला आला आणि डबे, पिंपे, गाठोडी कापडात गुंडाळून दोरीने आवळू लागला. १९६१ मध्ये त्याने व जान-क्लोद या त्याच्या पत्नीने कोलोनच्या बंदरात पिंपांच्या राशी रचल्या, धक्क्यावरचा माल ताडपत्रीने झाकून बांधला. प्रदर्शनाचे दालन सोडून शिल्प धक्क्यावर आले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिन शहर भिंतीने दुभंगले. या दोघांनी तिला उत्तर दिले ते पॅरिसच्या रू व्हिस्कोंती या अरुंद गल्लीत. येथेच कधीकाळी बाल्झाकचा छापखाना होता. सरकारी परवानगी मिळाली नव्हती. तरीही २७ जून १९६२ च्या संध्याकाळी ८९ पिंपे एकमेकांवर रचून चार मीटरहून उंच भिंत उभी राहिली. तिचे नाव ‘पोलादी पडदा’. पिंपांना रंग दिला नव्हता. गंज, ओघळ, कंपन्यांची नावे सारे जसेच्या तसे. काही तास गल्ली बंद राहिली, मग पिंपे हलवली गेली.

या कृतीचे मर्म वस्तूच्या निवडीत आहे. जी वस्तू सीमा ओलांडण्यासाठी घडवली, तीच आडवी रचली की सीमा होते. आणि जी हातांनी रचली, ती हातांनी उतरवताही येते.

पिंपांनी ख्रिस्तोला अखेरपर्यंत सोडले नाही. २०१८ मध्ये लंडनच्या हाइड पार्कमधील तळ्यावर त्याने ७,५०६ पिंपांचा मनोरा तरंगवला. अबुधाबीच्या वाळवंटासाठी १९७७ पासून मनात असलेली ४,१०,००० पिंपांची वास्तू मात्र २०२० मध्ये त्याच्या निधनापर्यंत कागदावरच राहिली. बर्लिनची भिंत पाडायला १९८९ साल उजाडावे लागले. पॅरिसची एका रात्रीत उतरली होती.