सातबाऱ्यात न बसलेलं गाव

उजनी धरण मायनसमध्ये गेलं, की भीमाकाठची बुडालेली गावं वर येतात. मायनस म्हणजे वापरायचा साठा संपला, तळातलं पाणी तेवढं उरलं. इंदापूर-करमाळ्याकडं शाळकरी पोरालाही हे कळतं. पळसदेवला पळसनाथाचं जुनं देऊळ उघडं पडतं आणि लांबलांबची माणसं फोटो काढायला येतात. आमच्या गावात बघण्यासारखं तसं काही नाही. जोत्यांचे दगड, आडाचा काठ, चिंचेचं काळं खोड, आणि भेगाळलेल्या गाळात चिलापीचे काटे.

धरण १९८० साली पुरं झालं. सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं त्यात. पाणी येण्याआधी मोजणी झाली. जमीन मोजली, घरं, विहिरी मोजल्या, झाडंसुद्धा मोजली. जमीन घ्यायचा कायदा इंग्रजांच्या काळातला, १८९४ चा. १९७६ साली राज्याचा पुनर्वसन कायदा आला, त्यात लाभक्षेत्रात जमीन द्यायची तरतूद झाली. म्हणजे ज्याची जमीन गेली त्याच्या दुःखाला निदान कागदावर रकाना होता.

यंदा गावचे सुतारनाना बरोबर आले होते. ऐंशीच्या पुढचे. लिंबाच्या बुंध्यापाशी काठी टेकून म्हणाले, "इथं बसून बाप गावाची औतं भरायचा. चाळीस घरांचं बलुतं हुतं आमच्याकडं. घराचं पैसं दिलं सरकारनं. त्या चाळीस घरांचं कुणी लिहून घेतलं?"

बलुतं तसंही मोडायला आलं होतं. लोखंडी नांगर आले होते, मागून ट्रॅक्टर आले. पण ते हळूहळू मोडलं असतं. गाव चार गावठाणांत फुटलं आणि नानांचं पोट एका हंगामात तुटलं. ते पुण्याला लाकडाच्या वखारीत हमालीला लागले. आमची मळईची जमीन गेली, पण वरचा माळ राहिला. त्याच माळावर धरणातनं पाइपलाइन आली, ऊस आला, माडी चढली. बुडाल्याचं दुःख आम्ही सांगतो ते खोटं नाही. पण ज्यांना पाण्यानं नुसतंच नेलं, त्यांनी ते सांगितलेलं फारसं कुठं ऐकू येत नाही.

नाना मग जोत्याजोत्यानं पुढं निघाले. "हे पाटलाचं. चार औतं. हे कोष्ट्याचं, औत न्हाई, पण माग दुरुस्तीला यायचा. ही म्हातारी एकटी, हिच्याकडनं घेत नव्हतो." मोजणीच्या कागदात आमचं गाव गटागटानं होतं. नानांच्या तोंडून ते घराघरानं निघत होतं.

आमच्या उंबऱ्याच्या दगडापाशी थांबले.

"तुमची दोन औतं. सालाला बत्तीस पायल्या." जरा हसले. "उठायच्या गडबडीत शेवटच्या सालचं राहिलं तेवढं."